गोव्यात उतरल्यावर भाड्याची गाडी नेमकी कुठे ताब्यात घ्यावी? विमानतळ, स्टेशन की थेट हॉटेल?

गोव्याचा प्लॅन व्हॉट्सअॅप ग्रुपवर वर्षानुवर्षं रखडतो आणि मग एके दिवशी अचानक ठरतो. तिकिटं निघतात, हॉटेल बुक होतं आणि गाडीचा विषय शेवटच्या दोन दिवसांत घाईघाईने उरकला जातो. कुणीतरी 'सेल्फ ड्राइव्ह कार गोवा' असं शोधतं, पहिला दिसेल तो नंबर फिरवतं. पलीकडून प्रश्न येतो, "सर, पिकअप कुठे?" इकडून उत्तर जातं, "एअरपोर्टला."

घोळ इथेच सुरू होतो, कारण गोव्यात एअरपोर्ट दोन आहेत.

एक दाबोळीचा, वास्कोजवळचा. हा नौदलाचा तळ आहे आणि त्याच्याच एका भागातून प्रवासी विमानं उडतात. दुसरा मोपाचा, पेडणे तालुक्यातला, मनोहर पर्रीकरांचं नाव दिलेला. त्याचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ ला झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून प्रवासी विमानं सुरू झाली. एक दक्षिणेकडे झुकलेला, दुसरा थेट उत्तरेच्या टोकाला. दोघांमध्ये रस्त्याने साठेक किलोमीटर अंतर. म्हणजे तुम्ही मोपाला उतरलात आणि गाडी दाबोळीच्या पार्किंगमध्ये उभी असेल, तर सुट्टीची सुरुवात दीड तासाच्या टॅक्सीने होते. तिकिटावर दाबोळीचा कोड 'जीओआय' असतो आणि मोपाचा 'जीओएक्स'. एका अक्षराचा फरक आहे, आणि स्वस्त तिकीट शोधताना तो कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. जाताना एक विमानतळ आणि येताना दुसरा, असंही बऱ्याचदा होतं.

पण विमानतळ बरोबर निवडला म्हणजे प्रश्न संपला, असंही नाही. गाडी तिथेच घ्यायची का, हाच खरा प्रश्न आहे.

दिवसाचं भाडं बघून फसायला होतं

गाडी ठरवताना सगळ्यांची नजर एकाच आकड्यावर असते, तो म्हणजे दिवसाचं भाडं. पण हा 'दिवस' कॅलेंडरचा नसतो, चोवीस तासांचा असतो. गाडी ताब्यात आली की घड्याळ सुरू. पंचवीस तास झाले, तर कुणी तासावर जादा पैसे घेतो, कुणी सरळ अख्खा दिवस लावतो. त्यामुळे गाडी कुठे घेता, यावरून ती किती वाजता घेता हे ठरतं आणि त्यावरून बिल ठरतं.

एक हिशेब करून बघू. समजा भाडं दिवसाला २००० रुपये आहे आणि विमानतळ ते हॉटेल टॅक्सीला १५०० रुपये पडतात. हे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत, प्रत्यक्षातले भाव सीझनप्रमाणे खालीवर होतात.

डोंबिवलीचं चार जणांचं कुटुंब शुक्रवारी रात्री नऊला मोपाला उतरतं. मुक्काम कळंगुटला. परतीचं विमान सोमवारी संध्याकाळी सहाला. विमानतळावरच गाडी घेतली आणि सोमवारी दुपारी चारला तिथेच परत केली, तर ६७ तास होतात, म्हणजे तीन दिवस. बिल ६००० रुपये. आता कुणीतरी शहाणपणा सुचवतं, "रात्री गाडी कशाला? शनिवारी सकाळी दहाला हॉटेलवर मागवू, सोमवारी सकाळी दहाला परत देऊ. दोनच दिवसांचं भाडं." बरोबर, ४००० रुपये. पण मग येता-जाता टॅक्सी आली. तिचे ३००० धरले की झाले ७०००. शिवाय सोमवारी दहानंतर बॅगा घेऊन हॉटेलच्या लॉबीत बसायचं. या कुटुंबासाठी विमानतळच बरा.

आता दुसरं उदाहरण. एक जोडपं चार दिवस पणजीत राहणार आहे. मांडवीच्या काठाने फिरायचं, फोंताईन्हासच्या गल्ल्या बघायच्या, १८ जून रस्त्यावर जेवायचं. हे सगळं पायी होतं. गाडी लागते ती एकाच दिवशी, जुने गोवे करून मंगेशी आणि शांतादुर्गेच्या दर्शनाला जायला. यांनी विमानतळावर गाडी घेतली, तर ८००० रुपये भाडं भरून ती तीन दिवस हॉटेलखाली धूळ खाणार, आणि पणजीत गाडी लावायला जागा शोधणं हे स्वतंत्र काम आहे. त्यापेक्षा दोन वेळची टॅक्सी ३००० आणि एक दिवसाची गाडी २०००, असे ५००० रुपये पुरतात. टॅक्सीऐवजी कदंब महामंडळाची बस घेतली, तर खर्च आणखी उतरतो. दोन्ही विमानतळांवरून या बस पणजीकडे जातात.

म्हणजे उत्तर एकच नाही. पहिला मुक्काम कुठे आहे, आणि पहिल्या व शेवटच्या दिवशी गाडी खरंच लागणार आहे का, या दोन गोष्टी आधी ठरवायच्या. गाडी कुठे घ्यायची ते त्यावरून आपोआप ठरत जातं. बहुतेक जण मात्र उलटं करतात. आधी गाडी, मग बाकीचं.

एक लक्षात ठेवायला हवं, मुंबई-पुण्याची 'अॅप उघडलं की दोन मिनिटांत गाडी दारात' ही सवय गोव्यात चालत नाही. स्थानिक टॅक्सी संघटना आणि अॅप कंपन्या यांच्यातला वाद तिथे अनेक वर्षं धुमसतोय. गोवा माइल्स ही अॅप टॅक्सी आहे, विमानतळांवर प्रीपेड काउंटरही आहेत, पण रात्री अकराला पाळोळेच्या एखाद्या हॉटेलातून विमानतळासाठी गाडी मिळवायची तर ती दुपारीच सांगून ठेवावी लागते. म्हणूनच गोव्यात भाड्याच्या गाडीला एवढी मागणी आहे.

नकाशा उघडा, गोवा दिसतं तेवढं छोटं नाही

'गोवा केवढंसं आहे, कुठूनही कुठेही तासात' हा गैरसमज पुष्कळांचा असतो. मोपापासून हरमल, मोरजी हे किनारे पंचवीसेक किलोमीटरच्या आत येतात. कळंगुट-बागा साधारण तीस-पस्तीस. पणजीही पस्तीसच्या आसपास. पण मोपाहून पाळोळेला जायचं म्हटलं, तर अख्खा गोवा ओलांडून जवळपास शंभर किलोमीटर. दाबोळीपासून तेच अंतर साठच्या घरात आहे. कोलवा, बाणावली तर दाबोळीहून तासाभराच्या आत.

त्यामुळे मुक्काम काणकोण-पाळोळेकडे असेल, तर मोपाचं तिकीट हजार रुपयांनी स्वस्त असलं तरी तो हजार रस्त्यात जातो, वर दोनअडीच तास जातात ते वेगळे. झुआरीवरचा नवा पूल झाल्यापासून उत्तर-दक्षिण प्रवास बराच सुसह्य झाला आहे. तरी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कळंगुट-बागाच्या अरुंद रस्त्यांवर चार किलोमीटरलाही पाऊण तास लागू शकतो, आणि तिथे पूल काहीच करू शकत नाही.

विमान संध्याकाळचं आणि गाडी परत करायची जागा दुसऱ्या टोकाला असेल, तर हा हिशेब जास्तच महत्त्वाचा. पाळोळेहून निघून मोपाला गाडी परत द्यायची असेल, तर विमानाच्या वेळेआधी सहा तास निघालेलं बरं. अडीच तास रस्त्याला, अर्धा तास पेट्रोल आणि गाडीच्या तपासणीला, दोन तास विमानतळावर. उरलेला एक तास वाटेतल्या ट्रॅफिकसाठी.

रेल्वेने जाणाऱ्यांचं गणित वेगळं

महाराष्ट्रातून गोव्याला जाणारे खूप जण कोकण रेल्वेने जातात, आणि तिथे 'गोवा' नावाचं स्टेशन नाही. उत्तर गोव्यासाठी थिवी, हरमलकडे जाणाऱ्यांसाठी पेडणे, पणजी आणि जुने गोव्यासाठी करमळी, दक्षिणेसाठी मडगाव आणि पाळोळेसाठी काणकोण. सगळ्या गाड्या सगळीकडे थांबत नाहीत. २७ जून २०२३ ला सुरू झालेली मुंबई-मडगाव वंदे भारत गोव्यात फक्त थिवी आणि मडगावला थांबते.

बरेच जण सवयीने मडगावचं तिकीट काढतात आणि गाडीही मडगावला सांगतात, मुक्काम मात्र हणजूणला असतो. म्हणजे रेल्वेने थिवी ओलांडून पुढे दक्षिणेला जायचं आणि तिथून गाडी चालवत पुन्हा उत्तरेला यायचं. थिवीला उतरले असते, तर वीसेक किलोमीटरमध्ये काम झालं असतं.

मग मडगाव का निवडलं जातं? कारण तिथे स्टेशनबाहेर गाड्या देणारे जास्त आहेत आणि ऐनवेळी काही ना काही मिळतं. थिवी, करमळी ही लहान स्टेशनं. तिथे आधी बुकिंग करूनच उतरायचं. 'जाऊन बघू' हा मार्ग तिथे महागात पडतो.

रेल्वेची आणखी एक भानगड म्हणजे उशीर. विमान कंपनी निदान मेसेज पाठवते. रेल्वे रत्नागिरीच्या पुढे क्रॉसिंगला थांबली की किती वेळ थांबेल ते सांगता येत नाही. पावसाळ्यात तर कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं, गाड्या मुद्दाम कमी वेगाने चालवतात. म्हणून बुकिंग करताना स्पष्ट विचारावं, घड्याळ बुकिंगच्या वेळेपासून सुरू होणार की गाडी हातात आल्यापासून? गाडी आणणारा माणूस किती वेळ थांबेल? थांबल्याचे पैसे पडतील का? या तीन प्रश्नांची उत्तरं फोनवर न घेता व्हॉट्सअॅपवर लेखी घ्यावीत. पुढे वाद झाला, तर तेवढाच आधार असतो.

रात्रभराच्या बसने येणाऱ्यांना पहाटे म्हापसा किंवा पणजीला उतरायचं असतं. त्यांनी गाडी सरळ सकाळी नऊ-दहाला हॉटेलवर मागवावी. रात्रभर बसमध्ये अवघडून झोपलेल्या माणसाने पहाटे पाचला अनोळखी रस्त्यावर अनोळखी गाडी चालवणं हे तसंही धोक्याचंच.

पार्किंगमध्ये उभी असलेली पांढऱ्या पाटीची गाडी

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. यात हजार-दोन हजारांचा नाही, त्याहून मोठा प्रश्न आहे.

आपल्याकडे गाडीच्या नंबर प्लेटचा रंग उगाच नसतो. खासगी गाडीची पाटी पांढरी, त्यावर काळी अक्षरं. टॅक्सीची पाटी पिवळी, अक्षरं काळी. आणि स्वतः चालवण्यासाठी भाड्याने द्यायच्या गाडीची पाटी काळी, अक्षरं पिवळी. यामागे केंद्र सरकारची १९८९ ची 'रेंट अ कॅब' योजना आहे. तिच्यानुसार परवाना मिळवायला किमान ५० गाड्या लागतात. त्यामुळे ज्याच्याकडे दोन-तीनच गाड्या आहेत, त्याने त्या कुणाच्या परवान्याखाली लावल्या आहेत, हे विचारायला काहीच हरकत नाही.

गोव्यात पांढऱ्या पाटीच्या खासगी गाड्याही सर्रास भाड्याने दिल्या जातात. भाडं थोडं कमी असतं. देणारा सांगतो, "पोलिसांनी विचारलं तर मित्राची गाडी आहे म्हणा." इथेच सावध व्हायला हवं. खासगी गाडीच्या विम्यात ती भाड्याने वापरता येणार नाही, अशी अट असते. अपघात झाला आणि गाडी भाड्याची होती हे उघड झालं, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. समोरच्याला इजा झाली असेल, तर त्या भरपाईचं ओझं कुणाच्या डोक्यावर येईल, याचा विचार केलेला बरा. शिवाय परवान्याशिवाय गाडी व्यवसायासाठी वापरणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२ अ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे कलम गाडी वापरायला देणाऱ्याबरोबर चालवणाऱ्यालाही लागू होतं. तपासणीत गाडी जप्त झाली, तर तुम्ही बायकापोरं आणि बॅगांसकट रस्त्यावर.

याचा गाडी कुठे घ्यायची याच्याशी संबंध काय? तर असा, की ऑफिस नसलेला माणूस गाडी नेहमी पार्किंगमध्ये, स्टेशनबाहेर किंवा एखाद्या हॉटेलच्या कोपऱ्यावर आणून देतो. तुम्ही दमलेले असता, पोरं कंटाळलेली असतात, परतायला दुसरा पर्याय नसतो, आणि तेव्हा पाटी पांढरी दिसली तरी 'जाऊ दे, आता काय करणार' म्हणून किल्ली घेतली जाते. परवानाधारक कंपन्याही गाडी पार्किंगमध्ये आणून देतात, त्यामुळे नुसत्या जागेवरून काही सिद्ध होत नाही. म्हणून पाटी दिसेल असा गाडीचा फोटो आणि आरसीची प्रत आगाऊ रक्कम देण्याआधीच मागवायची. 'गाडी तेव्हा जी असेल ती मिळेल' असं उत्तर आलं, तर दुसरा नंबर फिरवायचा.

रात्रीच्या अंधारात घेतलेली गाडी

विमान रात्री बाराला उतरलं आणि गाडी पार्किंगच्या कोपऱ्यातल्या मिणमिणत्या दिव्याखाली मिळाली, तर बंपरवरचा जुना ओरखडा दिसत नाही. तो परत करताना भर दुपारच्या उन्हात दिसतो आणि डिपॉझिटमधून कापला जातो. रात्री घ्यायचीच असेल तर मोबाइलचा टॉर्च लावून गाडीभोवती सावकाश फिरून व्हिडिओ काढावा. चारही चाकं, काचा, स्टेपनी, किलोमीटरचा आकडा आणि पेट्रोलचा काटा त्यात यावा. गाडी आणणारा घाई करेल, त्याला करू द्यावी. पण लहान मुलं किंवा म्हातारी माणसं सोबत असतील, तर रात्री टॅक्सीने हॉटेल गाठून गाडी सकाळी तिथेच मागवणं हे थोडे पैसे जास्त देऊनही शहाणपणाचं.

पेट्रोलचंही बघून घ्यायला हवं. गोव्यात गाडी अनेकदा जवळपास रिकाम्या टाकीने मिळते, आणि परत करताना उरलेल्या पेट्रोलचे पैसे मिळत नाहीत. मोपासारख्या ठिकाणी रात्री लाल दिवा लागलेली गाडी हातात आली, तर पहिला प्रवास पंप शोधण्याचा.

सिंधुदुर्गातल्या मंडळींना मोपा आता हाताशी आला आहे. सावंतवाडी-बांद्याकडे जाणारे तिथे उतरतात आणि तिथूनच गाडी घ्यायचा विचार करतात. पण गोव्यात भाड्याने मिळणाऱ्या बऱ्याच गाड्या राज्याबाहेर न्यायला परवानगी नसते आणि आत जीपीएस बसवलेलं असतं. तेरेखोलच्या पलीकडे जायचं असेल, तर आधी विचारून लेखी होकार घ्यावा. नाहीतर टॅक्सी बरी.

हाच प्रश्न परदेशात

मुलांकडे अमेरिकेला जाणारे किंवा युरोप स्वतः गाडी चालवून बघणारे मराठी प्रवासी आता कमी नाहीत. तिथे पाटीची भानगड नसते, पण जागेचा फरक बिलात स्पष्ट दिसतो. अमेरिकेत विमानतळावर गाडी घेतली की भाड्यावर विमानतळाची वेगवेगळी शुल्कं चढतात. त्याच कंपनीच्या शहरातल्या शाखेत ती सहसा नसतात. मात्र शहरातल्या शाखा संध्याकाळी लवकर बंद होतात, काही रविवारी उघडतच नाहीत, आणि एका शाखेत घेऊन दुसरीकडे सोडायचे वेगळे पैसे लागतात.

सॅन फ्रान्सिस्कोचं उदाहरण घ्या. विमानतळावर एअरट्रेनने गाड्यांच्या केंद्रात जाता येतं, सगळ्या मोठ्या कंपन्या तिथे आहेत. पण पहिले दोन दिवस शहरातच काढायचे असतील, तर विमानतळावरून बार्ट रेल्वे थेट शहरात जाते आणि तिथे गाडी म्हणजे महागडं पार्किंग. गाडी योसेमिटीला निघायच्या सकाळी घ्यावी. भारतातून सोळा-सतरा तासांचा प्रवास करून, झोप मोडलेली असताना, रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवायची पहिली वेळ विमानतळाबाहेरच्या हायवेवर नको.

इटलीत फ्लोरेन्सच्या जुन्या भागात तर बाहेरच्या गाड्यांना परवानगीशिवाय प्रवेशच नाही. कॅमेरा नंबर टिपतो, दंडाचं पत्र काही महिन्यांनी घरी येतं, आणि तुमचा पत्ता पोलिसांना कळवल्याचं शुल्क गाडीची कंपनी वेगळं लावते. तिथे शहर बघून झाल्यावर ट्रामने विमानतळाकडे परत जाऊन गाडी घेणं सोपं पडतं.

पुन्हा गोव्याकडे. गाडी परत करतानाही जागा तितकीच महत्त्वाची. विमानतळाच्या पार्किंगचं तिकीट कोण भरणार, हे आधी ठरलेलं असावं. गाडी घ्यायला येणारा माणूस उशिरा आला, तर किल्ली 'तिथल्या चहावाल्याकडे' ठेवून जायला सांगतात, ते टाळावं. परत देतानाही व्हिडिओ काढावा, आणि डिपॉझिट 'उद्या ट्रान्सफर करतो' असं ऐकू आलं, तर विमानाला वेळ असेपर्यंत तिथेच थांबून फोनवर पैसे जमा झाल्याचा मेसेज बघूनच किल्ली द्यावी.